नसलेला उंबरठा

गेल्या श्रावणात एके सकाळी गावाहून शेजाऱ्यांचा फोन आला की रात्री काकू पडली. फारसे लागले नव्हते. डावा गुडघा सुजला होता, मनगट मुरगळले होते, आणि रात्री अडीच-तीनच्या सुमाराला, वीज गेलेली असताना, कोसळत्या पावसात हाक मारली तरी कोणाला ऐकू जाणार म्हणून ती उजाडेपर्यंत तशीच भिंतीला पाठ लावून बसून राहिली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई एवढी रात्र अंधारात एकटी बसून राहिली, याचेच मला आधी वाईट वाटले. दुपारी तिच्याशी बोलणे झाले तेव्हा मी विचारले, "कशाला अडखळलीस?" त्यावर ती जरा वैतागून म्हणाली, "अडखळायला तिथे काही असायला हवं ना! उंबरठा आहे म्हणून पाय उचलला, आणि खाली ठेवते तो उंबरठाच नाही."

तो उंबरठा मी काढायला लावला होता.

आमचे घर राजापूरच्या बाजूला, रस्त्यापासून जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून जावे लागते अशा वाडीत आहे. पुढीलदारी खळे, चार पायऱ्या चढून पडवी, पडवीच्या आत वीतभर उंच ओटी, ओटीमागे माजघर, माजघराच्या एका अंगाला देवघर आणि दुसऱ्या अंगाला बाळंतिणीची अंधारी खोली, मग स्वयंपाकघर, मागची पडवी, आणि मागीलदारी विहीर, न्हाणी, गोठा आणि पोफळीचे आगर. पुढीलदारात उभे राहिले की सगळी दारे एका रेषेत दिसतात आणि पार टोकाला आगराचा हिरवा तुकडा चौकटीत बसवल्यासारखा दिसतो. या रेषेत पाच उंबरठे होते. मे महिन्यात आम्ही मुले जमलो की पुढीलदारातून निघून मागीलदारापर्यंत न थांबता पळत जायचे अशी पैज लागे. पाचही उंबरठ्यांची उंची वेगळी, दारांच्या चौकटी बुटक्या, आणि माजघरात भर दुपारीही काळोख. त्यामुळे अंगठा ठेचल्याशिवाय किंवा कपाळाला टेंगूळ आल्याशिवाय पहिला आठवडा जात नसे. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र पाय आपोआप शहाणे होत. कुठे किती उचलायचा, कुठे मान किती लववायची, याचा हिशेब डोक्यात कधी करावाच लागला नाही. काकू या घरात विसाव्या वर्षी आली, म्हणजे तिच्या पायांनी हा हिशेब अठ्ठावन्न वर्षे केलेला होता.

घरात नवे बांधकाम करण्याचा विषय निघाला तो काकांच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा. शस्त्रक्रिया रत्नागिरीत झाली, ती नीट झाली, पण पुढे त्यांना चाकांच्या खुर्चीशिवाय हलता येईना. आमचे न्हाणीघर आणि संडास मागीलदारी विहिरीच्या पलीकडे, सात-आठ शेवाळलेल्या पायऱ्या उतरून. पावसाळ्यात तिथे धडधाकट माणूससुद्धा भिंतीला धरून जातो. काकांचा मुलगा परदेशात, त्यामुळे ठरवण्याचे काम आम्हा पुतण्यांवर आले, आणि फोनवरून दोन तट पडले. एकाचे म्हणणे, हे सगळे पाडा आणि चार खोल्यांचा स्लॅबचा बंगला बांधून मोकळे व्हा. दुसरीचे म्हणणे, घराच्या एका कौलालाही हात लावायचा नाही, हा आपला वारसा आहे. पहिला मुंबईत राहतो आणि दुसरी बंगळुरात. वारसा सांभाळायचा तर तो काकूने रात्री टॉर्च हातात धरून, आणि पाडायचे तर पाडलेल्या घराच्या चौकटी उन्हात पडलेल्या पाहायच्या त्याही काकूनेच, हे दोघांच्याही लक्षात येत नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याही आले नसते, पण मी तेव्हा पंधरा दिवस तिथे राहिलो होतो आणि त्या पायऱ्या रोज उतरत होतो.

शाळेपासूनचा माझा एक मित्र वास्तुरचनाकार आहे. त्याला घेऊन गेलो. त्याने दोन दिवस टेप धरून घर मोजले, एक दिवस नुसता ओटीवर बसून काढला, आणि मग एक चित्र काढले. जुन्या घराच्या मागे दोन खोल्या, एक मोठे न्हाणीघर, सपाट स्लॅब, साध्या पांढऱ्या भिंती, आणि आगराकडे उघडणारी भिंतभर खिडकी. माझा पहिला प्रश्न तोच होता जो कोणीही विचारला असता: निदान वर कौले तरी घालू या ना, घराला शोभेसे दिसेल. त्याने ठाम नकार दिला. हल्ली उतरत्या स्लॅबवर सिमेंटने कौले चिकटवतात आणि त्याला पारंपरिक म्हणतात, तसले काही तो करणार नव्हता. या बाबतीत मी त्याच्या बाजूचा आहे. कोकणात रस्त्याकडेची अर्धी रिसॉर्टे असल्या कौलांखाली उभी आहेत. कौलाचे काम पाणी उतरवण्याचे, आणि तिथे ते काम स्लॅब करतो, कौल नुसते फोटोत येते. याच्या उलट गंमत म्हणजे गावातल्या प्रत्येक स्लॅबच्या घरावर दोन-तीन पावसाळ्यांनंतर निळा किंवा लाल पत्रा चढलेला दिसतो. गळक्या स्लॅबला शेवटी उतरती टोपी घालावीच लागते. आमच्या स्लॅबलाही लागेल असे गवंड्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवले आहे, आणि मित्र त्यावर अजून काही बोललेला नाही.

मित्राचे म्हणणे असे की नव्याने जुन्याचे सोंग घेऊ नये. जगभरच्या जुन्या वास्तूंची देखभाल करणारी मंडळी १९६४ साली व्हेनिसला जमली आणि त्यांनी एक सनद लिहिली. पडलेला भाग नव्याने घातला तर तो एकंदरीशी जुळावा, पण जुना कोणता आणि नवा कोणता हे पाहणाऱ्याला ओळखू यावे, असे तीत म्हटलेले आहे. ही सनद स्मारकांसाठी होती, आमच्यासारख्या गोठा असलेल्या घरासाठी नव्हती, पण तत्त्व म्हणून मला ती पटली. जोड लपवायचा नाही, दाखवायचा. जुने जिथे संपते आणि नवे जिथे सुरू होते तिथे एक स्पष्ट रेघ असावी.

त्या चित्रावर पहिला खरा आक्षेप घेतला तो आमच्या गावच्या म्हाताऱ्या सुताराने. त्याने चित्र उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारले, "मागच्या पडवीचं पाणी कुठे जाणार?" नव्या खोल्या जुन्या भिंतीला चिकटून काढलेल्या होत्या. घराचा सगळा मागचा उतार त्या पडवीवर येऊन संपतो, आणि त्याच्या पुढे आता आडवी भिंत येणार होती. मित्र म्हणाला, पन्हळ घालू. सुतार काही बोलला नाही, नुसता हसला. त्या रात्री आम्ही हिशेब करून पाहिला. मागच्या उताराखालची जागा साधारण ७५ चौरस मीटर. आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे काही विशेष नाही. म्हणजे दर पावसाळ्यात सव्वादोन लाख लिटर पाणी त्या एका पन्हळीतून जाणार, तेही फणसाची पाने, शेवाळ आणि उंदरांनी ओढून आणलेला कचरा यांच्यासह. एका दुपारी ती पन्हळ तुंबली की पाणी मातीच्या भिंतीत मुरायला सुरुवात. मित्राने चित्र फाडले नाही, पण नवे काढले. नव्या खोल्या पाच फूट मागे सरकल्या. जुन्या घराची वळचण मोकळी राहिली, पागोळ्या पूर्वी पडत तिथेच पडू लागल्या, आणि दोन्हींना जोडणारा चार फूट रुंदीचा एक बोळ आला, दोन्ही बाजूंनी काच, वर वळचणीखाली सरकवलेले बुटके छप्पर. आता कोणी घर पाहायला आले की त्या काचेच्या बोळाचे कौतुक करतात, आणि मित्रही ते घेतो. त्याची कल्पना सुताराच्या एका प्रश्नातून निघाली, हे मी इथे लिहून ठेवतो.

काम चालू असताना मी ओटीवर बसून त्या जुन्या घराकडे नव्याने पाहू लागलो, आणि ज्याला आम्ही सगळे जुने म्हणत होतो ते एका वेळचे नव्हतेच, हे हळूहळू ध्यानात आले. डोक्यावरची मंगळुरी कौले घ्या. १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या जर्मन-स्विस लोकांनी मंगळुरात नेत्रावती नदीकाठच्या मातीची यंत्रावर कौले पाडायला सुरुवात केली. त्याआधी आमच्याकडे कुंभाराची नळ्यांची कौले आणि त्याही आधी गवताची शाकारणी होती. म्हणजे कोकणी घराची खूण म्हणून आपण जे लाल छप्पर चित्रात काढतो, ते एका कारखान्यातून आले. आमच्या घरात अशी कथा आहे की पणजोबांनी नळे उतरवून कारखान्याची कौले घातली तेव्हा पणजी चार दिवस बोलली नाही; घर कचेरीसारखे दिसू लागले म्हणे. ओटीवरचा लाल कोबा काकांनी त्यांच्या लग्नाच्या वर्षी घातला, त्याआधी तिथे शेणाने सारवलेली जमीन होती, आणि कोब्यावर बसून पाठ धरते अशी आजीची तक्रार ती जाईपर्यंत होती. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे, सुरूच्या झाडाच्या घडणीचे सुरूदार खांब आज अस्सल पेशवाई म्हणून दाखवतात. वाडा १८०७ चा, आणि खांबाची ती घडण मोगलांच्या उत्तरेकडून आलेली. तेव्हाही एखाद्या म्हाताऱ्याने, हे काय नवीन खूळ, असे म्हटलेच असेल.

हे कळल्यावर मला मोठा धीर आला. पणजीचा राग गेला तसा आमच्या स्लॅबवरचा लोकांचा रागही जाईल, असे मी स्वतःला सांगितले. पण त्या युक्तिवादात एक खोट होती, ती मला नंतर दिसली. पणजोबांनी कौले बदलली, पण वासे तेच ठेवले, उतार तोच ठेवला, आणि मुख्य म्हणजे घरात चालण्याची रीत तीच राहिली. काकांनी कोबा घातला तो पाच उंबरठ्यांच्या मधल्या जमिनीवर. उंबरठ्याला दोघांनीही हात लावला नव्हता.

मागच्या पडवीच्या दाराचा उंबरठा ऐनाच्या लाकडाचा, पाच इंच उंच. चाकांची खुर्ची त्यावरून जाणे शक्य नव्हते. आम्ही आधी दोन्ही बाजूंनी फळ्यांचा उतार करून पाहिला. काकांची खुर्ची ढकलताना काकूचा तोल गेला आणि दोघेही दारात अडकून बसले. तेव्हा उंबरठा काढायचे ठरले. मीच म्हणालो, तुमच्याच सोयीसाठी काढतो आहोत. काकूने वाद घातला नाही. सुतार येणार त्या दिवशी तिने पहाटे उठून उंबरठा धुतला, दोन बोटे रांगोळी ओढली, हळदकुंकू वाहिले, आणि मग ती विहिरीवर जाऊन कपडे धूत बसली, काम संपेपर्यंत आली नाही. संस्कृतात उदुंबर म्हणजे उंबराचे झाड, आणि त्याच शब्दाचा एक अर्थ उंबरठा असाही आहे. आमच्या घरात मात्र उंबराचे लाकूड तोडतही नाहीत, त्यामुळे ऐन.

सुताराने आधी चौकटीच्या दोन्ही खांबांना खालून आडवी दोरी बांधून पिळली. उंबरठा नुसता पायाखाली नसतो, तो चौकटीचे दोन पाय एकमेकांशी बांधून धरतो; तो गेला की भिंतीच्या वजनाने पाय फाकायला लागतात. मग करवतीने दोन काप, पटाशीने कुसे मोकळी, आणि एक मोठा आवाज होऊन तो निखळला. मी तो हातात घेतला. उंबरठ्यावर पाय देऊ नये, बसू नये, शिंकू नये, हे ज्या घरात जन्मभर ऐकले, त्या घराचा तो उंबरठा मधोमध बशीसारखा झिजलेला होता, आणि झिजलेल्या जागी लाकूड हस्तिदंतासारखे गुळगुळीत लागत होते. खालच्या बाजूला मात्र ते आजही तासल्यासारखे खरखरीत होते, आणि एका कोपऱ्यात मुंग्यांनी नेलेले तांदळाचे दाणे होते. चौकटीचे पाय धरायला सुताराने जमिनीखाली लोखंडी पट्टी बसवून ती काँक्रीटमध्ये गाडली. त्यावर मित्राच्या सांगण्याप्रमाणे जुना लाल कोबा आणि बोळातला नवा करडा कोबा एका पातळीत आणले, आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर रुंदीची पितळी पट्टी घातली. हा जोड. सनदेबरहुकूम. दिवसा तिच्यावर ऊन पडले की ती चमकते आणि खरोखर सुंदर दिसते.

त्या नव्या खोलीत काका चौदा महिने राहिले.

ते तिथे कसे राहतील याची आम्हाला धास्ती होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी एकच तक्रार केली, की पाऊस ऐकू येत नाही. कौलांखाली पाऊस आधी दूरवरून चालत आल्यासारखा ऐकू येतो, मग आंब्यावर, मग गोठ्याच्या पत्र्यावर, मग डोक्यावर, आणि थांबतानाही तो त्याच क्रमाने थांबतो. स्लॅब मुका असतो. रात्री जाग आली की बाहेर पाऊस आहे की नाही हे कळायला खिडकीपाशी जावे लागते, आणि काकांना तेच जमत नव्हते. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राही. जुन्या घरात त्याच वेळी कौलांच्या फटींतून वारा खेळत असे. पण त्या भिंतभर खिडकीने त्यांना एक गोष्ट दिली, जी आमच्यापैकी कोणाच्याच कल्पनेत नव्हती. पलंगाच्या पायथ्याशी आगर होते, पण मान डावीकडे वळवली की बोळाच्या काचेतून जुन्या घराचा सगळा मागचा उतार दिसे. "मागून आपलं घर कसं दिसतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा निवांत बघतोय," ते म्हणाले. आणि मग ते पडल्या पडल्या हुकूम सोडू लागले. आढ्यापासून तिसऱ्या ओळीत एक कौल सरकले आहे. माकडे उजव्या कोपऱ्यातून चढतात. धुराड्याकडची रीप वाकली आहे. त्या चौदा महिन्यांत घराची जितकी डागडुजी झाली तितकी आधीच्या दहा वर्षांत झाली नव्हती.

काकूचे मात्र त्या उजेडाशी कधी जमले नाही. बोळ काचेचा झाल्यावर पूर्वी अंधारात असणारे स्वयंपाकघर आणि त्यातून माजघराचा निम्मा भाग उजळला. माजघरात तोवर उजेडाचा एकच कवडसा होता, छपरातल्या काचेच्या कौलातून येणारा. तो फडताळावर आला की अकरा आणि जात्यापाशी आला की चहाची वेळ. आता भिंतींवरची पन्नास वर्षांची काजळी, गिलाव्याचे पोपडे, वाशांवरची जळमटे, सगळे एकदम डोळ्यांपुढे आले. मित्राला तो पोत फार आवडला. एका ठिकाणी त्याने गिलावा खरवडून आतला चिरा उघडा ठेवायची कल्पना मांडली, तेव्हा गवंडी म्हणाला की चिरा पाणी पितो, म्हणून तर बापजाद्यांनी त्याला झाकलं. काकू यावर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोळाच्या दाराला तिचे एक जुने नऊवार आडवे टांगलेले होते, आणि ते आजही तिथे आहे. घर उघडे पडल्यासारखे वाटते, इतकेच ती म्हणाली.

काही वर्षांपूर्वी मी कोलंबोला गेलो असताना जेफ्री बावा या वास्तुरचनाकाराचे तेहेतिसाव्या गल्लीतले घर पाहिले होते. १९५८ मध्ये त्याने ओळीने असलेल्या चार लहान बैठ्या घरांपैकी तिसरे घेतले, मग चौथे, आणि दहा वर्षांत उरलेली दोन्ही घेऊन चारांचे एक घर केले. पहिले पाडून तिथे आधुनिक पांढरी चार मजली इमारत उभी केली. आत तमिळनाडूतल्या चेट्टिनाडहून आणलेले जुने लाकडी खांब आहेत, लहान लहान उघडे चौक आहेत, पाणी आहे. तिथे हिंडताना एका घरातून दुसऱ्यात मी केव्हा गेलो ते मला एकदाही सांगता आले नाही. पितळी पट्टी नव्हती, पाटी नव्हती. पण प्रत्येक वेळी चाल आपोआप मंद होत होती. कुठे छप्पर एकाएकी खाली येई, कुठे अंधारातून एखाद्या उजेडाच्या चौकाशी पोचल्यावर पाय थबके. तेव्हा मी त्याला सौंदर्य समजलो होतो आणि फोटो काढले होते. काकूच्या फोननंतर ते फोटो पुन्हा काढून पाहिले. फोटोत त्यातले काहीच आलेले नाही.

पितळी पट्टी डोळ्यांना सांगत होती, येथे जुने संपले. वीज गेल्यावर रात्री अडीच वाजता डोळ्यांना काही विचारायला कोणी जात नाही. काका गेल्यावर काकू पुन्हा माजघरात झोपू लागली होती, पण रात्री न्हाणीघरासाठी तिला बोळातून जावे लागे. दिवसा दोन वर्षे ती तिथून बिनधोक येत-जात होती. त्या रात्री ती अर्धवट झोपेत उठली, चार उंबरठ्यांच्या हिशेबाने चालत आली, आणि पाचव्यासाठी पाऊल पाच इंच उचलले. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तेव्हा पोटात जो खड्डा पडतो तो सगळ्यांना ठाऊक आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो गुडघ्यात पडतो.

मित्राला कळवल्यावर तो दुसऱ्याच आठवड्यात आला, हे त्याच्याबाबत सांगितले पाहिजे. उंबरठा परत बसवायचा का, यावर तिघांत चर्चा झाली. काकू नको म्हणाली. आज नाही उद्या खुर्ची तिलाही लागेल. मग मित्राने सुचवले की जुना उंबरठाच जमिनीत पातळीला पातळी करून गाडू, अनवाणी पायाला लाकूड आणि कोबा यांतला फरक कळतोच. मला ही कल्पना फारच आवडली. काकूने मान हलवली. "उंबरठ्यावर पाय द्यायचा नसतो. तुम्ही तो जमिनीत घातलात तर येणारा-जाणारा त्यावरूनच चालणार." मी तिला ती बशीसारखी झिजलेली जागा दाखवली. ती म्हणाली, "तो तुम्ही पोरांनी झिजवलात."

शेवटी सुतार आणि गवंडी यांनी आपसांत ठरवून पितळी पट्टी काढली आणि तिच्या जागी नऊ इंच रुंदीची जांभ्याची पट्टी घातली, न घासलेली, भोकाभोकांची, कोब्याच्या पातळीतच. आम्हा कोणाला काही विचारले नाही. पट्टीच्या दोन्ही बाजूंना कोबा गुळगुळीत, मध्ये तेवढा खरखरीत दगड. खुर्ची त्यावरून खडखडत जाते, पण जाते. तिच्यावर रांगोळी नीट उमटत नाही, पीठ भोकांत शिरते, म्हणून काकू सणावाराला पट्टीच्या अलीकडे, जुन्या लाल कोब्यावर दोन रेघा ओढते. जुना उंबरठा बोळात भिंतीला उभा टेकवलेला आहे. त्याच्यावर कधी कधी ताजे कुंकू दिसते.

या दिवाळीत मी आठ दिवस तिथे होतो. एका रात्री पाणी प्यायला उठलो आणि दिवा न लावताच मागे निघालो. अंगठ्याला गार खरखरीत दगड लागला, आणि मी ठरवायच्या आत पाय वर उचलला गेला, चांगला पाच इंच, आणि पलीकडे सपाट जमिनीवर बेताने टेकला. मी तिथेच थांबलो आणि परत अलीकडे येऊन पुन्हा एकदा ओलांडून पाहिले. माजघरातून काकूचा आवाज आला, "कोण आहे रे? दिवा लाव की." मी म्हणालो, मीच आहे, ती पट्टी पाहतो आहे.

"पाहा," ती म्हणाली, "आणि सकाळी जरा जुन्या दातांच्या ब्रशने घासून दे. कचरा फार बसतो तिच्यात."